आधी पेटी, मग पट्टी: वापरणाऱ्याच्या डोक्याप्रमाणे चालणारी साधनं आणि प्रोग्रामिंग भाषा

खाडीपलीकडे (धागालेखक)

मंडळी,

आमच्या पंचक्रोशीतल्या काही बागायतदारांसाठी आंब्याच्या हिशेबाचं एक छोटं ॲप लिहायला घेतलंय. त्यांच्यातले बरेच जण सध्या बाजारात मिळणारं एक तयार सॉफ्टवेअर वापरतात (नाव नको, भांडण नको) आणि त्याच्याबद्दलची तक्रार ऐकण्यासारखी आहे. वाशीला माल पाठवल्याची नोंद करायला गेलं की ते आधी दर मागतं. आता गाडी भरताना दर कोणाला ठाऊक असतो? दर कळतो तो दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, हातात पडल्यावर. पण दराची चौकट रिकामी ठेवली तर 'जतन करा'चं बटण उजळत नाही. मग माणसं तिथे १ टाकून मोकळी होतात. पट्टी आली की दुरुस्त करू म्हणतात, पण ऐन हंगामात सकाळी काढणी, दुपारी पेट्या भरायच्या, रात्री गाडी. मागे जाऊन दुरुस्त करतो कोण? मे अखेरीला सॉफ्टवेअरच्या लेखी निम्मा हापूस रुपयाला पेटी या भावाने गेलेला असतो आणि खरा हिशेब वहीत.

वहीत काय असतं? डाव्या पानावर पाठवलेल्या पेट्या, उजवं पान कोरं. पट्टी आली की उजवीकडे दर, हमाली, भाडं, उचलीपोटी वळती केलेली रक्कम, हाती आलेले पैसे. पट्टी येईपर्यंत ती कोरी जागाच बोलत असते. पानावरून नजर फिरवली की कोणाकडे किती माल अडकलाय ते दिसतं. सॉफ्टवेअरला मात्र कोरी जागा म्हणजे चूक वाटते.

या दुखण्याचा अभ्यास झालेला आहे. थॉमस ग्रीन या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये काही कसोट्या मांडल्या. प्रोग्रामिंगची भाषा असो, स्प्रेडशीट असो की संगीताची स्वरलिपी, मांडणीच्या कुठल्याही पद्धतीला त्या लावून बघता येतात. १९९६ मध्ये मारियन पेट्रे यांच्यासोबत त्यांनी त्या आणखी सविस्तर लिहिल्या. त्यातली एक कसोटी अशी की माहिती हाती यायच्या आधीच हे साधन माणसाला निर्णय घ्यायला लावतं का? आणि दुसरी, एवढासा बदल करायला किती ठिकाणी हात घालावा लागतो? हिला त्यांनी चिकटपणा म्हटलंय. वर सांगितलेल्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही भरपूर.

मापाचंही तसंच. तिथे 'वजन (किलो)' अशी चौकट आहे. आमच्याकडे पेटी बोलतात डझनावर: चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी. पेटी तीच, फळ मोठं तेवढे डझन कमी. 'चार डझनी' म्हटलं की नग, फळाचा आकार आणि भावाचा अंदाज तिन्ही सांगून झाले. किलो विचारलेत तर तो माणूस वर बघत मनात हिशेब करतो आणि काहीतरी ठोकून देतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की वापरणाऱ्याच्या डोक्याप्रमाणे साधन करायचं म्हणजे मेनू मराठीत करणं नव्हे. तो त्यांनी केलेलाच आहे, 'दर प्रविष्ट करा' म्हणून. प्रश्न कामाचा क्रम काय, माप कुठलं आणि काय कोरं राहू शकतं, याचा आहे. प्रोग्रामिंगच्या भाषांनाही हेच लागू. १९९० च्या दशकात रँडी पॉश यांच्या गटाने 'ॲलिस' नावाचं त्रिमिती चित्रं हलवायचं साधन नवशिक्यांच्या हातात देऊन पाहिलं. एक्स, वाय, झेड अक्षावर सरकवा, असली आज्ञा काढून त्यांनी पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे असं केलं. ॲलिस पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेवर बेतलेलं होतं आणि तेव्हाच्या पायथॉनमध्ये १ भागिले २ याचं उत्तर शून्य यायचं. नवशिके त्यावर आणि इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकावर हटकून अडखळायचे. ॲलिसवाल्यांनी दोन्ही गोष्टी बदलल्या. भागाकाराचं पुढे पायथॉननेही ऐकलं. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत १ भागिले २ म्हणजे अर्धा.

तर तुमच्या कामात, मासे असोत, काजू, जमीन, शाळा, काहीही, हिशेब डोक्यात कसा चालतो ते लिहा. आणि हातातलं साधन कुठे आडवं येतं तेही.

ताम्हन

वाचनखूण साठवली. कोऱ्या जागेचा मुद्दा पटला.

घाटावरचा

लेख चांगला, पण दहा वर्षं उशिरा. आता कशाला भाषा आणि कशाला चौकटी? फोनला सांगायचं, 'काल वाशीला पाच डझनीच्या चाळीस पेट्या पाठवल्या', बाकीचं एआय बघेल. माणूस विचार मराठीत करतो ना, मग मराठीत बोलू दे. विषय संपला.

शून्य_पासून

घाटावरचा, नोंद करायला बोलणं उत्तमच, त्यावर वाद नाही. पण विषय इतक्यात संपणार नाही, कारण ही आशा फार जुनी आहे. १९५९ मध्ये कोबोल ही प्रोग्रामिंग भाषा घडवायला बसले तेव्हा अपेक्षा हीच की इंग्रजीसारखं दिसलं म्हणजे साहेबलोकांना वाचता येईल. वाचता आलं थोडंफार; लिहायला प्रोग्रामरच लागला. ॲपलने १९९३ मध्ये ॲपलस्क्रिप्ट ही भाषा आणली. वाचायला अगदी गोड, सरळ इंग्रजी वाक्यं. लिहायला बसलं की घाम, कारण दहा सरळ वाक्यांपैकी नेमकं कुठलं त्या यंत्राला चालतं हे अंदाजाने शोधायचं. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी तर १९७० च्या दशकातच माणसाच्या बोलीत प्रोग्रामिंग करायच्या कल्पनेला मूर्खपणा म्हटलं होतं. त्यांचा सूर नेहमीच तिखट असतो, पण मुद्दा असा की चिन्हांची काटेकोर भाषा ही शिक्षा नाही, सोय आहे. बोलीत खोटं वाक्यसुद्धा छान वाटतं.

एआयने अंदाज करायचं काम पुष्कळ हलकं केलं, कबूल. पण त्याने बनवलेला हिशेब बरोबर आहे का, हे बागायतदाराने बघायचं कशात? त्याला वाचता येईल अशी मांडणी लागणारच. म्हणजे फिरून वहीच आली.

खाडीपलीकडे, तुमच्या कोऱ्या जागेबद्दल एक इशारा. डेटाबेसात रिकामं ठेवायची सोय आहे, पण डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेतलं रिकामं वहीतल्या कोऱ्यासारखं वागत नाही. 'दर ५०० नसलेल्या पेट्या दाखव' म्हणालात तर दर न भरलेल्या पेट्या यादीत येतच नाहीत. रिकाम्याची तुलना केली की उत्तर हो पण नाही आणि नाही पण नाही. बेरजेतही रिकाम्या ओळी गुपचूप गळतात आणि एकूण रक्कम पूर्ण असल्यासारखी ऐटीत दिसते. वहीत बेरीज करणारा हात कोऱ्या ओळीवर थबकतो. तेव्हा एकूण रकमेशेजारी 'इतक्या पट्ट्या यायच्या आहेत' हे लिहाच.

एसक्यूएलसुद्धा सामान्य माणसासाठीच निघाली होती बरं का. आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडली तेव्हा प्रोग्रामिंग न शिकलेल्यांनी थेट प्रश्न विचारावेत असा हेतू होता. त्याच सुमारास त्याच कंपनीत मोशे झ्लूफ यांनी दुसरी वाट काढली: पडद्यावर कोरा तक्ता द्यायचा आणि हवं तसं एक उदाहरण त्यातच भरायचं. माझ्या मते माणसाच्या डोक्याला झ्लूफ जास्त जवळ होते. जगाने एसक्यूएल उचलली.

माजी_कारकून

जमिनीच्या कागदांत आयुष्य गेलं म्हणून लिहितो. प्रोग्रामिंगातलं मला कळत नाही.

एका ओळखीच्या कुटुंबाची वाटणी व्हायची होती. मुंबईतल्या पुतण्याने हौसेने स्प्रेडशीट करून आणली. त्याने हिस्सा लिहिला १/४, पडद्यावर आलं १ एप्रिल. १/३ लिहिलं, झाला १ मार्च. एका रकान्यात हिस्सा नंबर १२/५ होता, तो १२ मे. मी त्याला गमतीने म्हटलं, नुसतं ७/१२ लिही बघू. सातबाऱ्याचा ७ डिसेंबर झाला. सगळी भावकी हसली, पण तीच यादी छापून आधी चार घरी गेली होती, आणि एका काकूने 'आमचा हिस्सा एप्रिलमध्ये देणार काय' असं खरोखरच विचारलं.

हे झालं दिसणारं. न दिसणारं त्याहून वाईट. तारीख होऊ नये म्हणून त्याने अपूर्णांक काढून दशांश लिहिले. तीन भावांना प्रत्येकी ०.३३. बेरीज ०.९९. कोकणातल्या सामाईक जमिनीत शंभरावा हिस्सा म्हणजे एखादं माडाचं झाड, आणि माडावरून कोर्टात गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

जुने लोक हिस्सा आणे-पैत लिहीत. सोळा आणे म्हणजे सगळी मिळकत, बारा पैंचा आणा, म्हणजे एकूण १९२ पै. तिघांत वाटा: प्रत्येकी ५ आणे ४ पै, तंतोतंत. त्यातल्या एकाचे चार वारस: प्रत्येकी १ आणा ४ पै, तंतोतंत. दशांशात जो तिसरा हिस्सा कधी संपत नाही तो आणे-पैत सरळ बसतो. पाच भाऊ आले की मात्र तिथेही पंचाईत, ३८ पै आणि वर काहीतरी उरतं. पण निदान ते उरलेलं डोळ्यांना दिसायचं, आणि कोणाच्या नावावर घालायचं ते पंच बसून ठरवायचे.

शून्य_पासून

कारकूनकाका, साष्टांग. प्रोग्रामिंगातलं कळत नाही म्हणता आणि गाभ्यालाच हात घातलात.

तारखेचं दुखणं शास्त्रज्ञांनाही भोवलंय. माणसाच्या काही जनुकांची नावं मार्च-१, सेप्ट-१ अशा धर्तीची होती. एक्सेल त्यांच्या तारखा करायचं, आणि छापून आलेल्या शोधनिबंधांच्या तक्त्यांतही त्या तशाच सापडायच्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली, मार्चचं मार्चएफ, सेप्टचं सेप्टिन. साधनाने विचारायला हवं होतं, त्याऐवजी माणसांनी नावं बदलली. एक्सेलने ही आपोआप बदलायची खोड बंद करायची सोय दिली ती २०२३ मध्ये.

अपूर्णांकांची गोष्ट त्याहून रंगतदार. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत १९८० च्या दशकात 'एबीसी' नावाची भाषा झाली, प्रोग्रामर नसलेल्यांसाठी. तिच्यात एक-तृतीयांश म्हणजे एक-तृतीयांशच, दशांशात तोडमोड नाही. शाळेत शिकलेलं गणित जसंच्या तसं. त्या प्रकल्पावर खिदो फान रॉसम काम करत होते. पुढे त्यांनी पायथॉन केली तेव्हा ओळी आत सरकवून गट करायची पद्धत एबीसीतून घेतली, अपूर्णांक मात्र सोडून दिले. कारण असं की लांबलचक आकडेमोडीत अंश आणि छेद न दिसता फुगत जातात आणि प्रोग्राम का रखडलाय हे वापरणाऱ्याला कळतच नाही. म्हणजे डोक्याप्रमाणे केलेली गोष्टही उलटते. पण वाटणीच्या हिशेबाला असली लांब आकडेमोड लागत नाही. तिथे अपूर्णांकच हवेत, आणि पायथॉनमध्ये त्यासाठी वेगळा संच २००८ पासून आहे. स्प्रेडशीटमधला 'अपूर्णांक' मात्र फक्त दिसण्यापुरता. आत दशांशासारखाच कापलेला आकडा असतो.

रापण

आम्ही हर्णैचे. घरची बोट आहे, हिशेब माझ्याकडे असतो.

भरतीचं एक ॲप नवऱ्याच्या फोनवर आहे. तारीख, वेळ आणि खालीवर जाणारी निळी रेघ. सासरे ते बघतही नाहीत. ते विचारतात, 'आज तिथी कुठली?' तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, आली पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. वद्यात परत एकपासून. ढोबळ आहे, खाडीत आत गेलं की भरती उशिरा पोचते, पण मचव्यावर उभं राहून करता येतं. आणि तिथीवरून नुसती वेळ कळत नाही. अवस-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग (भरती-ओहोटी कमी), म्हणजे पाण्याला ओढ किती, जाळं कुठलं घ्यायचं, सगळं त्यात आलं. ॲपला हे सगळं ठाऊक असणार, कारण त्या निळ्या रेघेची उंची दुसरं काय सांगते? पण 'उधाण' एवढं म्हणत नाही.

चांगलं उदाहरणही सांगते. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मासळी मिळायच्या संभाव्य जागांची सूचना येते. त्यात अक्षांश-रेखांश असतातच, पण बंदराचं नाव घेऊन तिथून कुठल्या दिशेला, किती किलोमीटर, किती खोल, असंही दिलेलं असतं. ज्याने कोणी हे ठरवलं त्याला बोट कुठून सुटते ते माहीत होतं. फक्त खोली मीटरमध्ये. आमच्याकडे पाणी वावात मोजतात. वाव म्हणजे सहा फूट, पावणेदोन मीटरच्या थोडं वर. तांडेल मनातल्या मनात करतो रूपांतर, त्याला सवय झालीय.

घाटावरचा

रापणताई, प्रतिसाद फार आवडला. पण यातूनच माझा दुसरा आक्षेप निघतो. तुमचे सासरे तिथीने विचार करतात. तुमचा मुलगा करेल? डोकं म्हणजे काही जांभ्याची भिंत नव्हे. व्हिसिकॅल्क हे स्प्रेडशीट आलं १९७९ मध्ये. डॅन ब्रिकलिन हार्वर्डला शिकत असताना फळ्यावरचा तक्ता बघून त्यांना ते सुचलं: एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून परत लिहावे लागायचे. फळा लोकांच्या डोक्यात आधीपासून होता, मान्य. पण 'व्याजदर असा झाला तर काय होईल' असं दिवसातून पन्नासदा विचारायची सवय कोणाच्या डोक्यात होती? ती त्या साधनाने लावली. फक्त आहे त्या डोक्याप्रमाणे करत बसलो तर नवीन काही येणारच नाही.

रापण

मुलगा करत नाही, खरं आहे. तो जीपीएसचे पॉइंट साठवतो. कुठे जाळं अडकलं, कुठे सुरमई मिळाली, सगळे पॉइंट, आणि ते कोणाला दाखवत नाही. आजोबा डोंगर आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून तीच जागा शोधायचे, तेही कोणाला सांगायचे नाहीत. जीपीएस त्याला कोणी शिकवलं नाही, कारण त्यात करायचं तेच होतं: जागा लक्षात ठेवायची आणि लपवायची. नवीन यायला आमची ना नाही. पण भरतीच्या ॲपने सासऱ्यांना नवीन काय दिलं? होतं त्यातलं उधाण काढून घेतलं.

घाटावरचा

हे उत्तर मला आवडलं नाही, कारण ते बरोबर आहे.

पाटी_पेन्सिल

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पटांगणात मुलांना कासव करून लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रामिंग भाषा शिकवलीय, संगणक एकच आणि तोही बऱ्याचदा बंद, म्हणून. एक जण कासव, दुसरा आज्ञा देणार: दहा पावलं पुढे, उजवीकडे नव्वद. लोगो १९६७ ची. पेपर्ट, फॉयरझाइग आणि सिंथिया सोलोमन यांची. मुलाने स्वतःच्या अंगाने विचार करावा हीच त्यातली युक्ती. चौकोन लगेच जमतो. त्रिकोणात हमखास घोटाळा: कोन साठचा, म्हणून मूल साठ वळायला सांगतं, आणि कासव झालेली पोरगी भलतीकडेच चालू लागते. वळायचं असतं एकशेवीस. फळ्यावर हे समजावायला तास जातो. पटांगणात तीच ओरडते, 'अरे, अजून वळायला पायजे मला!'

भाषेबद्दल विचाराल तर खाडीपलीकडे म्हणतात ते अर्धंच पटलं. नुसता मेनू मराठी केल्याने भागत नाही हे खरं. पण चौथीतल्या मुलाला इंग्रजी आज्ञा म्हणजे अक्षरांचं चित्र असतं. फेलिएन हर्मन्स यांची 'हेडी' ही भाषा २०२० पासून आहे. तिच्यात आज्ञा आपापल्या भाषेत देता येतात आणि नियम पायरीपायरीने वाढतात. सुरुवातीला अवतरण चिन्हंसुद्धा लागत नाहीत, ती पुढच्या पायरीवर. शुद्धलेखन आपण असंच शिकवतो, पहिलीच्या मुलाचा अनुस्वार राहिला म्हणून वही परत देत नाही.

आणि मोठ्यांच्या भाषाही सोप्या आहेत असं कोणी समजू नये. स्टेफिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवशिक्यांना वेगवेगळ्या भाषांत प्रोग्राम लिहायला दिले. त्यातल्या एका भाषेची चिन्हं चक्क वाटेल तशी निवडलेली होती. पर्ल वापरणाऱ्यांना त्या भाषेपेक्षा अचूक काही लिहिता आलं नाही! हा निबंध २०११ चा. पुढच्या अभ्यासात जावाचीही तीच गत निघाली. पायथॉन आणि रुबी बऱ्या ठरल्या. पुन्हा पुन्हा करायच्या कामाला 'फॉर' हा शब्द प्रोग्रामर नसलेल्यांना फारसा पटत नाही, असंही त्यांना दिसलं.

शून्य_पासून

अवांतर, पण मराठीत नावं देणाऱ्यांसाठी कामाचं. पायथॉन ३ मध्ये चलांना देवनागरी नावं चालतात. 'भरती', 'ओहोटी' बिनधास्त द्या. पण 'वाऱ्याचा वेग' असं नाव द्यायचं (मधे अधोरेषा टाकून, अर्थात) तर जपून. ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि मधे न दिसणारा एक जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखे. पायथॉन पहिला घेतो, दुसऱ्यावर चूक दाखवतो, आणि ती चूक पडद्यावर शोधून सापडत नाही. यादीत 'किनाऱ्यालगत' शोधलं आणि निम्म्याच नोंदी आल्या तरी बहुधा हेच कारण. ॲपमध्ये शोधायची सोय देणार असाल तर दोन्ही आधी एकसारखे करून घ्या.

कलमवाला

मी देवगडचो. सगळा वाचलंय, अर्धा कळला. माका दोनच गोष्टी सांगूच्या आसत. पयली, आंबे भरताना हाताक चीक लागलेलो असता, फोन धरूक गावना नाय. ता बोलून नोंद करूचा काय ता आमका होया. दुसरी, ह्या सॉफ्टवेअरात शोधूक गेलंय, 'पाच डझनी आणि सहा डझनी' असा निवडलंय, तर म्हणता एकव पेटी नाय! माझे डोळ्यासमोर पडवीत रचलेले आसत.

खाडीपलीकडे

कलमवाला, तुमच्या दुसऱ्या गोष्टीचं कारण सांगतो. यंत्राच्या 'आणि'ला अशी पेटी हवी की जी एकाच वेळी पाच डझनीही असेल आणि सहा डझनीही. माणूस 'आणि' म्हणतो तेव्हा त्याला दोन्ही ढीग हवे असतात. कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉन पेन आणि ब्रॅड मायर्स यांनी प्रोग्रामिंग न येणाऱ्या मुलांना पॅकमॅनच्या खेळाची चित्रं दाखवून, हे यंत्राकडून कसं करून घ्याल ते तुमच्या शब्दांत लिहा, असं सांगितलं. २००१ मध्ये ते छापून आलं. मुलांनी 'हे इतक्यांदा कर' असे फेरे आणि मोजणी फारशी लिहिलीच नाही. 'भूत शिवलं की मरतो', 'सगळे ठिपके खाल्ले की पुढची पातळी', असं लिहिलं. अमुक झालं की तमुक, आणि एकेक वस्तू न घेता सगळ्यांना एकदम. 'आणि'चा घोळ त्यांच्याकडेही निघाला. निवडीसाठी वाक्याऐवजी भरायचा तक्ता दिला तेव्हा मुलांचं काम जास्त बरोबर आलं. म्हणजे शून्य_पासून म्हणाले ते झ्लूफ इथेही जिंकले.

तेव्हा माझ्या ॲपमध्ये शोधताना 'आणि', 'किंवा' असणारच नाही. डझनांच्या खुणा असतील, हव्या तेवढ्यांवर बोट ठेवा. नोंद बोलून होईल, पण बोललेलं लगेच वहीच्या डाव्या पानासारखं दिसेल, आणि उजवं पान पट्टी येईपर्यंत कोरं राहील. एकूण रकमेशेजारी 'पट्ट्या यायच्या' हा आकडा तितक्याच मोठ्या अक्षरांत. किलो काढून टाकले. कारकूनकाकांचं बघून, सामाईक कलमांच्या उत्पन्नाचे वाटे अपूर्णांकात ठेवीन, आणि रुपयाखाली जे उरेल ते आपोआप कोणाच्या खात्यात न घालता वेगळ्या ओळीत.

घाटावरचा यांचा आक्षेप मला सुटलेला नाही. वहीत नसलेली एक गोष्ट टाकून बघणार आहे: गेल्या हंगामात याच पंधरवड्यात याच पेटीला काय दर आला होता. वहीत ते शोधायचं तर जुनी वही माळ्यावरून काढावी लागते, म्हणून कोणी बघत नाही. वापरतात की नाही ते कळेलच.

माजी_कारकून

उरलेल्या पैशांची वेगळी ओळ, हे उत्तम. तिला 'शिल्लक' म्हणू नका, लोक खर्च करतील.

कलमवाला

आणि उचल खंय दाखवतल्यात? माका विचारशात तर पट्टीच्या वर होयी. किती फिटली, किती रवली, ताच बघूक आमी वही उघडतो.

खाडीपलीकडे

वर घेतो. उचल पूर्ण फिटली की ती ओळ काढून टाकायची का?

कलमवाला

काढूची नाय. रेघ मारून ठेवा, खालचा वाचूक येवक होया. पुढल्या वर्षी उचल मागताना ताच दाखवचा लागता.

रापण

आयफोनवर चालेल का? मुलाकडे तोच आहे.

खाडीपलीकडे

आधी अँड्रॉइड. बोटीच्या वाट्यांचा हिशेब कसा करता ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, डिझेल-बर्फ आधी वजा करता की नंतर, तेवढं नक्की लिहा.